धर्मस्वातंत्र्य आणि त्याचा विनियोग

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, तसाच धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्कही दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांची मर्यादा त्यास आहेच. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे इतरांपुढे मांडणे होय. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही. मानणे, आचरणे व प्रसार यांपैकी मधली गोष्ट सर्वांत बिकट. तिचे उदाहरण शोधावयास आपणांस जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) १८३१ साली सुरू झाले. त्या काळी जो ख्रिस्ती होई, त्याचा वारसाहक्क बुडण्याचा संभव असे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ही भीती दूर केली. धर्म किंवा जात सोडल्यामुळे कोणाची मालमत्ता वा वारसा जाऊ नये, असे ठरले. परंतु जमीनजुमला राखून देणारा कायदा माणसांची माया कशी राखणार?

नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे नगर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. पत्नी लक्ष्मीबाई मात्र आपल्या धर्मात राहिल्या. पतीने धर्म बदलला म्हणून आपणही बदलावा, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. त्या काही वर्षे नातलगांत राहिल्या, आणि त्यांनी किती दुःख सोसले हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको.

आता १८६६ चा एक कायदा पाहा. धर्मांतराच्या कारणाने पती वा पत्नी सहा महिने नांदावयास नाकारील, तर ख्रिस्ती झालेल्यास न्यायालयात दाद मागता येत असे, आणि अखेरीस विवाह रद्दही करवून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांचा स्वभाव तापट व उतावळा होता. अशा पुरुषास वाट पाहणे सोपे गेले नसेल. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विश्वास न धरणारी पत्नी नांदावयास राजी असल्यास तिला सोडू नये, असे सांगितले आहे. येथे तर पत्नी काही काळ नांदावयासही राजी नव्हती.

पुढे लक्ष्मीबाई मुलासह पतीकडे आल्या, त्याही आपले सोवळे घेऊनच. ख्रिस्ती पतीच्या घरात त्यांचे स्वयंपाकपाणी निराळे असे. जातिभेद ईश्वराने केलेला नव्हे, हे त्यांना कोणी शिकविले नाही; विचार करता करता त्यांचे त्यांनाच ते पटले, आणि मग सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या स्वातंत्र्याच्या बळावर टिळक ख्रिस्ती झाले, तेच स्वातंत्र्य त्यांच्या पत्नीचेही होते. पाच वर्षे तिने ‘नाही’ म्हटले, तेही त्याच हक्काने. माझ्या मते टिळकांच्या कोणत्याही व्याख्यानाहून ही पाच वर्षे अधिक बोलकी आहेत.

प्रसाराच्या कामीही टिळकांची रीत अशीच होती. त्यांनी अभंग, ओवी व कीर्तन यांचा अंगीकार केला, जेणेकरून ऐकणाऱ्यास आपली भाषा व आपला ताल सोडावा न लागता ख्रिस्ताची ओळख व्हावी. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस स्थान होते. मंडळीतील कित्येकांस हे रुचले नाही, व त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असेही नाही.

१९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध काव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले.