पाडव्याआधी घर विक्रीला काढताना

पुण्यात राहता फ्लॅट विकायचा तर त्याचा हंगाम गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. साडेतीन मुहूर्तांतले दोन या महिनाभरात येतात, हे एक कारण. दुसरं कारण शाळा. एप्रिलात परीक्षा संपतात, जूनच्या मध्याला शाळा भरतात, आणि मुलं असलेल्या कुटुंबाला त्याआधी नव्या घरात सामान लावून झालेलं हवं असतं. पावसात सामान हलवायला तर कुणीच राजी नसतं. म्हणजे गिऱ्हाईक पाडव्याच्या सुमाराला घरं बघत फिरतं, आणि आपण तेव्हा रंगाऱ्याला फोन करत असलो तर वर्ष गेलंच म्हणायचं. आईवडिलांचा कोथरूडचा टू बीएचके विकताना पहिल्या वर्षी आमचं असंच झालं. दुसऱ्या वर्षी संक्रांतीपासून कामाला लागलो. त्या वर्षीचा क्रम इथे देते आहे.

संक्रांत : आधी फाइल

रंगाचं नाव काढण्याआधी कपाटातली फाइल काढा आणि सगळे कागद जमिनीवर तारखेप्रमाणे मांडा. बिल्डरशी झालेला मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, मधे घर हस्तांतरित झालं असेल तर त्या प्रत्येक वेळचं खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इमारतीचं भोगवटापत्र, मिळकतकराची चालू पावती, वीजबिल. गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील ही साखळी पहिल्या कडीपासून तपासतो आणि एक कडी नसली की कर्ज तिथेच अडतं. एखादा मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढं सगळं करावं लागतं. हे काम एप्रिलात सुरू करून चालत नाही.

शेअर सर्टिफिकेट उलटं करून मागचं नाव वाचा. वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि मागे अजून त्यांचंच नाव होतं. सोसायटीत आईचं नामांकन होतं, म्हणून घर आपसूक आईचं झालं असं आम्ही धरून चाललो होतो. नामांकनाने मालकी मिळत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने मिळकत सांभाळणारा, हक्क सगळ्या वारसांचा. मग माझं आणि भावाचं हक्कसोडपत्र करायचं ठरलं. भाऊ अमेरिकेत, तेव्हा त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन यायचं, इथे त्याचे मुद्रांकाचे सोपस्कार व्हायचे, मग हक्कसोडपत्राची नोंदणी, मग सोसायटीकडे अर्ज. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा. या सगळ्यात दोन महिने गेले. तुमच्या घरातलं कुणी गेलेलं असेल आणि नाव अजून तेच असेल, तर हे काम आजच सुरू करा. घर विकायचं नसलं तरी करा.

घरावर कर्ज होतं आणि फिटलं असेल, तर बँकेकडून मूळ कागद परत आलेत का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत मिळायला हवेत आणि बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे.

सोसायटीला विक्रीची लेखी सूचना द्या. आदर्श उपविधींप्रमाणे ती १५ दिवस आधी द्यायची असते. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यापलीकडे कुणी 'ऐच्छिक देणगी' सुचवली तर उपविधी समोर ठेवून शांतपणे नाही म्हणावं. थकबाकी मात्र शून्य करून तसा दाखला घ्यावा.

जानेवारीची अखेर : ओल

सगळ्यात जास्त वेळ मी या कामाला देईन. ओल तपासायला जानेवारीसारखा महिना नाही. पावसाने आलेली ओल एव्हाना सुकलेली असते. तिथे पांढरा खार आणि फुगलेले पापुद्रे उरतात. पण संक्रांत उलटल्यावरही जी जागा तळव्याला गार आणि दमट लागते, तिथलं पाणी पावसाचं नव्हे. ते नळाच्या पाइपातून किंवा बाथरूममधून येतंय. पहिल्या प्रकारात बाहेरच्या भिंतीच्या भेगा आणि गच्ची बघायची, ते बहुधा सोसायटीचं काम. दुसऱ्या प्रकारात आपली फरशी.

बाथरूमची परीक्षा घरच्या घरी होते. मोरीच्या तोंडात ओलं फडकं कोंबून वर वाळू भरलेली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवा. बोटाची दोन पेरं बुडतील इतकं पाणी साठवा, पातळीवर टाइलला पेन्सिलची रेघ मारा आणि चोवीस तास दार लावून ठेवा. खालच्या घरातल्यांना आधी सांगून त्यांच्या छताचा फोटो घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. आमचं पाणी दोन पेरांवरून एकावर आलं आणि खालच्या काकूंच्या छतावर बशीएवढा डाग उमटला. गळती नहाणी ट्रॅपच्या भोवताली होती. तिथल्या चार टाइल काढून, खालचा भाग उकरून वॉटरप्रूफिंग केलं, बाकीच्या फटींतलं भुसभुशीत सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं आणि पाणी पुन्हा साठवलं. या वेळी रेघ जागेवर राहिली. मिस्त्रीकडून पक्की पावती घेतली आणि ती फाइलमध्ये लावली.

पहिल्या वर्षी रंगाऱ्याने बेडरूमच्या ओल्या कोपऱ्यावर नुसती पुट्टी ओढून रंग मारून दिला होता आणि आम्हीही चालेल म्हणालो होतो. घर बघायला आलेल्या एका तरुण जोडप्याबरोबर मुलीचे वडील होते. ते काही न बोलता प्रत्येक भिंतीवर तळवा ठेवत गेले. त्या कोपऱ्यात थांबले, अंगठ्याच्या नखाने जरासं खरवडलं, आणि रुपयाएवढा पापुद्रा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चपला घालायला गेले. त्यानंतर मला असं झाकलेलं घर कुणाला दाखवणं जमलं नसतं. आयुष्यभराची कमाई आणि वीस वर्षांचं कर्ज घालून माणूस आपली भिंत विकत घेतो, ती कुठे गळत होती हे त्याला कळलंच पाहिजे. दुरुस्त करा आणि सांगा. पावती दाखवल्याने आमचा भाव पडला नाही.

नवं प्लास्टर केलं असेल तर रंगाआधी तीन-चार आठवडे सुकू द्या. जानेवारीत सुरुवात करायची ती यासाठीच. आणि पावसाळ्यात घट्ट बसणारी दारं आता नीट लागत असतील तर सुताराला रंधा मारू देऊ नका. नंतर फट पडते.

फेब्रुवारी : माळा

घर मोठं दिसण्यासाठी काही आणावं लागत नाही, काढावं लागतं. बघायला येणारा माणूस माळ्याचं दार उघडतोच, कारण त्याच्याही घरी बंब आणि गाद्या आहेत. तेव्हा माळा रिकामा हवा. रोज संध्याकाळी एक तास आणि एकच कप्पा, असं धोरण ठेवा. रविवारी सगळं खाली काढलं तर रात्री तसंच वर जातं. तीन ढीग करायचे : नेण्याचं, देण्याचं, भंगाराचं. तांब्यापितळेची भांडी वजनावर घालण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. आमच्या माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला, त्यावर चिकटपट्टीखाली वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नळाचे वायसर, जुने पण चालू'. आईने तो कुठल्याच ढिगात घालू दिला नाही.

देवघर हलवू नका. घरातले फोटो, देव, सगळं काढून हॉटेलसारखी खोली करण्याचा सल्ला हल्ली मिळतो, तो मला पटत नाही. सकाळी आलेल्या माणसाला देवापुढे निरांजन दिसलं तर इथे माणसं नांदतात हे न सांगता कळतं. देव सर्वांत शेवटी न्यावेत.

मार्च : रंग, माप, भाव

रंग एकच, फिकट, सगळीकडे. बंद पडलेले दिवे, सैल बटणं, टपकणारे नळ, खिडक्यांच्या जाळ्या हे या आठवड्यात उरकून घ्या. महागडं किचन करू नका. नवीन माणूस ते आपल्या सोयीने करणारच असतो.

कार्पेट स्वतः टेपने मोजा. जुन्या करारांत बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक आता कार्पेट विचारतं. चौरस मीटरचा आकडा १०.७६४ ने गुणला की चौरस फूट येतात. भाव ठरवताना शेजाऱ्यांचे ऐकीव आकडे सोडा. आपल्याच सोसायटीत किंवा गल्लीत वर्षभरात नोंदले गेलेले व्यवहार नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. रेडी रेकनरचे दर १ एप्रिलला बदलू शकतात आणि मुद्रांक शुल्क करारातली किंमत व रेडी रेकनरची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर बसतं. म्हणून काही जणांना नोंदणी मार्चअखेरच उरकायची असते. कागद तयार असले तर असं गिऱ्हाईक हातचं जात नाही.

घेणाऱ्याचा हिशेब आपणही करून ठेवावा. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, घर बाईच्या नावावर घेतलं तर ६. ८० लाखांच्या घराला ५ लाख ६० हजार की ४ लाख ८० हजार, हा फरक अनेकांच्या लक्षातच नसतो. नोंदणी फी वेगळी, जास्तीत जास्त ३० हजार. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरतो. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर मात्र कपात कितीतरी जास्त होते. त्याने कमी दराने कपात करण्याचा आयकर विभागाचा दाखला आधी मिळवावा. नफ्यावरच्या कराचं सीएशी विसार घेण्याआधीच बोला. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या आणि २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी भारतीयाला इंडेक्सेशन न घेता १२.५ टक्के किंवा घेऊन २० टक्के, यांतलं सोयीचं गणित मिळतं. आलेल्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर करातून सूट आहे.

पाडवा : दाखवणं

पश्चिमेच्या खोल्या एप्रिलच्या दुपारी तापतात. घर सकाळी आठ ते दहा किंवा संध्याकाळी पाचनंतर दाखवा, पण दुपारी ऊन येतं हे विचारण्याआधी सांगा. खिडक्या अर्धा तास आधी उघड्या, पंखे बंद. वारा आरपार येत असेल तर तो त्याला जाणवू द्या. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : पाणी किती ते किती येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, मेंटेनन्स किती, पार्किंग कुठलं आणि ते कागदावर आहे का, पुनर्विकासाची चर्चा कुठवर आली आहे. पुण्यातला घर बघणारा माणूस हेच विचारतो, आणि घरातल्या दोघांची उत्तरं वेगळी पडली की त्याचा विश्वास उडतो. खालच्या काकूंना भेटायचं म्हणाला तर भेटू द्या.

विसार घ्याल तेव्हा चिठ्ठीवर रक्कम, एकूण किंमत, उरलेले पैसे कधी, ताबा कधी आणि कर्ज नामंजूर झालं तर विसाराचं काय, हे सगळं लिहा. आमचा विसार अक्षय्य तृतीयेला झाला, ताबा मे महिन्याच्या अखेरीला दिला.

ताब्याच्या दिवशी वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असू द्या. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधा. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते हाताने फिरवून दाखवा, मिस्त्रीची पावती आणि प्लंबरचा नंबर ओट्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. आईने त्या दिवशी देव पिशवीत घेतले आणि पत्र्याचा डबा सिंकखाली ठेवला. त्या घरातले नळ जुन्या मापाचे आहेत, तसे वायसर आता दुकानात चटकन मिळत नाहीत.