आगोटीचे दिवस

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीसारखा पसरलेला कोकण हा महाराष्ट्रातील मुसळधार पावसाचा प्रदेश होय. पुण्यास वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या सुमारे चौपट, म्हणजे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. या काळात उन्हाचा नेम नसतो. लाकडे वाळत नाहीत, कपडे सुकत नाहीत आणि ओढ्यांना पूर आला की बाजाराचा रस्ताही बंद होतो. म्हणून पावसाळा तोंडाशी आला की घरोघर बेगमीची धांदल उडते. त्या दिवसांना आणि त्या तयारीलाही कोकणात ‘आगोट’ असे म्हणतात.

आगोटीचे पहिले काम छपराचे. वर्षभरात वानरांच्या उड्यांनी सरकलेली, तडकलेली कौले उतरवून ती बदलावयाची, सांधे नीट बसवावयाचे आणि घर पावसाच्या स्वाधीन करण्यापूर्वी एकदा आतून वर पाहून कोठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते तपासावयाचे. यालाच घर शाकारणे म्हणतात. छप्पर झाले की पडवीची पाळी येते. कोकणातील पाऊस सरळ पडत नाही. समुद्रावरून येणारा वारा त्याला आडवा करून घरात फेकतो. ही झड अडविण्यासाठी पडवीच्या कडेने झाप बांधतात.

झाप विणणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. माडाची झावळी आधी काही दिवस पाण्यात भिजत घालावी लागते. ती लवचीक झाली की मधल्या दांड्यावर उभी चिरून तिचे दोन भाग करतात आणि पाती एकाआड एक गुंफीत जातात. गुंफण सैल पडली तर पहिल्याच वाऱ्यात झाप उलगडतो. फार ओढली तर पाते चिरते. सरावलेला हात बोलता बोलता झाप पुरा करतो. अलीकडे पुष्कळ ठिकाणी झापांची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. तो स्वस्त आहे आणि बांधावयासही सोपा आहे. मात्र वाऱ्याने फाटला की त्याच्या चिंध्या वाडीभर अडकून राहतात, आणि झाप कुजला तरी माडाच्याच आळ्यात खत होऊन पडतो.

माडाची कोणतीही वस्तू या घरात वाया जात नाही. पात्यांमधील हीर काढून खराटे बांधतात, सोडणाचा काथ्या काढून सुंभ वळतात, करवंटीला दांडा बसवून पळी करतात आणि जे यांपैकी कशालाच उपयोगी पडत नाही ते चुलीत जाते. पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्यांचेही असेच. लहान मुले त्यांवर बसून एकमेकांना अंगणभर ओढतात, हा विरीचा उपयोग मुलांनी शोधलेला आहे.

परंतु आगोटीतील सर्वांत नाजूक काम वाळवणाचे. आंबा, फणस आणि रातांबा ही तिन्ही फळे मे महिन्यात ऐन भरात असतात, म्हणजे नेमके आभाळ बेभरवशाचे होते त्याच वेळी. आंब्याचा रस तुपाचा हात फिरविलेल्या ताटात पातळ पसरून उन्हात ठेवतात आणि एक थर वाळला की त्यावर दुसरा घालतात. असे थरांवर थर चढून आंब्याचे साठ तयार होते. फणसाचे पापड चटईवर पसरतात. रातांब्याचे काम याहून किचकट आहे. फळ फोडून बी आणि गर वेगळा करावयाचा, साल उन्हात घालावयाची, मग मीठ घातलेल्या रसात ती बुडवून पुन्हा वाळवावयाची. एका पुटाने भागत नाही. दिवसामागून दिवस असे पुट देत गेल्यावर साल काळसर, लवचीक आणि वर्षभर टिकण्याजोगी होते. हेच आमसूल. रातांब्याच्या बियाही कोणी टाकीत नाही. त्यांच्यापासून मुठेल काढतात आणि भातलावणीच्या चिखलाने पायांना पडलेल्या भेगांना ते लावतात. मे महिन्यातील फळाने जुलै महिन्यातील पाय राखावयाचे, असा हा हिशेब आहे.

या सगळ्याला हवे असते ते कडक ऊन, आणि तेही सलग. चार पुटे झालेल्या आमसुलांवर एक सर पडली तर मीठ वाहून जाते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून या दिवसांत घरातील प्रत्येकाचे एक लक्ष हातातील कामावर आणि एक आभाळावर असते. मेमधील वळीव बहुधा दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने येतो; दिवसभर तापलेल्या जमिनीवरील हवा वर चढते आणि डोंगरमाथ्यावर ढगांचे डोंगर रचले जातात. मोसमी पाऊस येतो तो समुद्राकडून. कोकणातील बाई अंगणात उभी राहून आधी पूर्वेकडे पाहते ती यासाठीच.

“सूनबाई, आज साठावर नवा थर घालू नका. मिठाला पाणी सुटलंय,” असे घरातील म्हातारी सांगते, आणि पुष्कळदा तिचे म्हणणे खरे ठरते. यात गूढ असे काही नाही. हवा जेवढे बाष्प धारण करू शकते त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश बाष्प तिच्यात साठले की मीठ ते ओढून घेऊन ओलावते. हवामानाच्या कचेरीत हेच मोजण्यासाठी उपकरण असते. म्हातारीपाशी मिठाची बरणी असते. बरणीवरून पाऊस कधी पडेल हे नेमके सांगता येत नाही, ही गोष्ट खरी. पण आज साठ वाळणार नाही एवढे ती निश्चित सांगते, आणि साठ घालणारीला तेवढेच हवे असते.

पावसाचा काळ मोजण्याचे तिचे दुसरे साधन म्हणजे नक्षत्रे. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू या नावांनी शेतकरी पावसाचे दिवस ओळखतात. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन दिलेले असते आणि बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला म्हणजे पाऊस चांगला, असे सांगण्याची चाल आहे. या वाहनांवर विसंबण्यात काही अर्थ नाही. नक्षत्रांचे मात्र तसे नाही. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून फिरतो, म्हणून एका नक्षत्राच्या वाट्याला सुमारे साडेतेरा दिवस येतात. मृग ७ किंवा ८ जूनला लागते आणि आर्द्रा २१ किंवा २२ जूनला. चांद्र महिने मागेपुढे सरकतात. आषाढ कधी लवकर येतो, कधी अधिकमासामुळे लांबतो. नक्षत्रांचा हिशेब सूर्याचा असल्याने तो ऋतूंशी जुळून राहतो, आणि त्यात एका दिवसाचा फरक पडावयास सुमारे सत्तर वर्षे लागतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणब्यापाशीही बिनचूक सौर पंचांग होते, ते असे.

मृगाची पहिली सर पडली की परसाचे काम सुरू होते. पडवळ, दोडका, काकडी यांचे बी वर्षभर राखेत घालून ठेवलेले असते, म्हणजे त्याला कीड लागत नाही. भोपळ्याच्या बिया शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीला थापून ठेवतात. आता हे सारे बाहेर निघते. मागील दारी आळी होतात, बांबूचे मांडव उभे राहतात, ओलाव्याच्या जागी अळू आणि हळद लागते. पडवळ धरू लागले की त्याच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधतात, म्हणजे ते वाकडेतिकडे न होता सरळ लांब वाढते. जून झालेली मोठी काकडी, जिला येथे तवसे म्हणतात, ती दोरीत गुंफून आढ्याला टांगली की पाऊस संपल्यावरही कित्येक दिवस टिकते.

परसाचा खरा पेच मात्र बी कधी टाकावे हा आहे. जोराचा वळीव झाला म्हणून कोणी भुलून बी टाकले आणि पुढे आठ-दहा दिवस उघडीप पडली, तर कोवळे अंकुर करपतात. थांबावे म्हटले आणि पाऊस एकदम झोडपू लागला, तर बी आळ्यातच कुजते. म्हणून जाणती गृहिणी सगळे बी एका दिवशी कधीच टाकीत नाही. निम्मे टाकते आणि निम्मे राखेतच ठेवते.

आषाढात बाहेरची कामे शेतावर एकवटतात आणि घरातील हात मोकळे असले की पडवीत बसतात. जुनी लुगडी एकावर एक अंथरून वाकळ शिवली जाते; कडेपासून सुरू झालेला धावदोरा फेऱ्या घेत घेत मधोमध येऊन थांबतो. चातुर्मासासाठी वाती वळल्या जातात. पूर्वी बांबूच्या काड्यांच्या जाळीत पाने बसवून इरली केली जात. इरले डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकीत असे आणि दोन्ही हात मोकळे ठेवीत असे. भाताची लावणी करणाऱ्यास छत्रीचा काय उपयोग? श्रावण सरून गणपती आले की परसातले आणि रानातले जे जे फळले असेल त्याची दक्षिण कोकणात माटवी सजते. देवाच्या डोक्यावर काकडी, कवंडळ, नारळ आणि सुपारीचा घोस शेजारी शेजारी लोंबू लागतात.

एवढी सारी तयारी नेहमीच्या पावसासाठी असते. नेहमीचा नसलेला पाऊस आला म्हणजे काय होते, ते ३ जून २०२० या दिवशी रायगड जिल्ह्याने आणि रत्नागिरीच्या उत्तर भागाने पाहिले. त्या दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या भागांतील घरांची कौले फुटली, पत्रे उडाले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वाड्यांतील माड आणि पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. आगोट नुकतीच आटोपली होती. शाकारलेले छप्पर गेले आणि त्याखाली भरून ठेवलेले वर्षाचे धान्य, आमसुले, वाळलेली लाकडे भिजली. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, आणि त्यातच करोनाच्या साथीमुळे माणसांची व मालाची ये-जा कठीण झाली होती.

घर पुन्हा शाकारता येते. वाडीचे तसे नसते. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तेथील नामांकित मोठी सुपारी, लावल्यापासून फळ धरावयास पाच-सहा वर्षे घेते. बाणवली जातीच्या माडास त्याहूनही अधिक काळ लागतो. पोफळीचे रोप कोवळेपणी उन्हात तग धरीत नाही, त्याला सावली लागते, आणि सावली देणारी झाडेच पडलेली. तेव्हा आधी केळी लावावयाची, त्यांच्या सावलीत पोफळीची रोपे वाढवावयाची आणि त्यांना उन्हाळाभर शिंपणे द्यावयाचे, असा क्रम लागला. ज्या घरांतील कर्ती मुले मुंबईस होती तेथे हे काम म्हाताऱ्या माणसांच्याच अंगावर पडले. पडलेल्या माडांची खोडे ओढून नेण्यासच महिने गेले.

२०२५ साली पेच निराळा आला. वादळ नव्हते, पण पाऊस आपली तारीख सोडून आला. केरळात तो साधारणपणे १ जूनला पोचतो. त्या वर्षी २४ मेलाच पोचला. दुसऱ्या दिवशी तो दक्षिण कोकणात शिरला आणि २६ मेला मुंबईत आला. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे, आणि १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो तेथे कधीच आलेला नव्हता. रोहिणी नुकतीच लागली होती आणि मृगास अजून पंधरवडा होता. झाडावर रातांबे पिकत होते, साठाचे थर निम्म्यावर आले होते, कौले उतरवलेली होती. ज्यांनी पहिल्या बहराची आमसुले एप्रिलमध्येच उरकली होती त्यांची वर्षाची सोय झाली. बाकीच्यांचे रातांबे झाडाखाली सडले.

तेव्हापासून किनाऱ्यावरील काही घरांत आगोटीची कामे पंधरा दिवस अलीकडे ओढली जाऊ लागली आहेत. वाळवणासाठी पारदर्शक कागदाची छपरे आली आहेत. त्यांखाली ऊन लागते आणि सर अंगावर येत नाही. हवामान खात्याचा इशारा भ्रमणध्वनीवर येतो आणि नातवंडे तो आजीला वाचून दाखवितात. आजी तो ऐकून घेते, मिठाची बरणी उघडून पाहते आणि मग ताटे बाहेर काढावयास सांगते किंवा आत घ्यावयास सांगते.

निसर्गानंतरच्या पावसाळ्यात ज्यांनी केळींच्या सावलीत पोफळीची रोपे लावली, त्यांच्या वाडीत आता पहिली पोय फुटण्याचे दिवस आले आहेत. सावलीच्या केळी एकेक करून काढल्या जात आहेत. मागील दारी बी टाकून झाले आहे, तेही निम्मेच. उरलेले चुलीशेजारच्या मडक्यात राखेखाली आहे.