‘शक्ती’च्या ध्वनिमुद्रिका आणि रसिकांचा अपेक्षाभंग

‘शक्ती’ या वाद्यवृंदाचे नाव आपल्या जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानी प्रथम पडले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यांच्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेला त्या महिन्यात ग्रॅमी पारितोषिक मिळाले, वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली, आणि आमच्या महाविद्यालयातील तृतीय वर्षाचे काही विद्यार्थी ‘सर, हे आम्हांला ऐकवा’ म्हणून माझ्याकडे आले. मी त्यांना ती एकच ध्वनिमुद्रिका न ऐकवता १९७६ पासूनच्या सगळ्या क्रमाने ऐकवल्या. त्या श्रवणातून जे वाद निघाले, त्यांची थोडी व्यवस्थित मांडणी करावी म्हणून हा लेख.

या वृंदाच्या इतिहासात एक गंमत आहे. त्याची जवळजवळ प्रत्येक ध्वनिमुद्रिका कोणाला ना कोणाला निराश करून गेली, आणि दर वेळी निराश होणारे लोक वेगळे होते. एखाद्या कलाकृतीवर सर्वांनीच टीका केली तर कारण शोधणे सोपे असते. इथे मात्र एकाला जे कमी वाटले तेच दुसऱ्याला फार झाले. म्हणून या निराशेचाच अभ्यास करण्यासारखा आहे.

प्रथम पूर्वपीठिका. जॉन मॅक्लॉफ्लिन हा १९४२ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात जन्मलेला गिटारवादक. माइल्स डेव्हिस या थोर जॅझ वादकाच्या १९७० च्या ‘बिचेस ब्रू’मध्ये तो वाजवत होता. १९७१ मध्ये त्याने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. नाव आपल्याकडचे, पण वाद्ये विजेची आणि आवाज कानठळ्या बसवणारा. ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ (१९७१) आणि ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) या ध्वनिमुद्रिकांनी त्याला पाश्चात्त्य तरुणांत प्रचंड लोकप्रियता दिली. आणि त्या भरात हा माणूस विजेची गिटार खाली ठेवून मांडी घालून बसला! शेजारी मुंबईच्या माहीमचे झाकिर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटमवर. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मृदंगावर रामनाड राघवनही आहेत.

ती पहिली ध्वनिमुद्रिका, ‘शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन’, स्टुडिओतली नाही. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील साउथहॅम्प्टन महाविद्यालयात ५ जुलै १९७५ रोजी झालेल्या मैफलीचे ते मुद्रण आहे. म्हणजे आपल्यासारख्याच एका महाविद्यालयाच्या सभागृहातून ही गोष्ट जगापुढे आली. तीत रचना तीनच. पहिली ‘जॉय’ अठरा मिनिटांची, शेवटची अर्ध्या तासाच्या घरात जाणारी, आणि मध्ये ‘लोटस फीट’ ही जेमतेम पावणेपाच मिनिटांची.

महाविष्णूच्या चाहत्यांची निराशा समजण्यासारखी आहे. त्यांनी वीज मागितली होती, त्यांच्या हाती समई आली. ड्रम नाहीत, विजेचा पियानो नाही, आणि त्यांच्या संगीताचा कणा असलेली स्वरसंवादांची मालिका, म्हणजे एकाखाली एक स्वर रचत पुढे सरकण्याची रीत, तीही नाही. सगळे एका षड्जाभोवती फिरते. ज्याला त्या चढत्या-उतरत्या स्वरपुंजांतच गोष्ट ऐकायची सवय आहे, त्याला इथे काहीच ‘घडत’ नाही असे वाटणार.

उलट आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या रसिकाला जे कमी वाटते ते वेगळे. त्याचे पहिले वाक्य बहुधा असे असते: ‘आलाप कुठे आहे?’ ‘जॉय’ सुरू होताच धावायला लागते. रागाला पाय रोवायला, एकेक स्वर तपासायला अवकाश नाही. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. या ध्वनिमुद्रिकेचा सर्वांत मोठा गुण वेग, आणि तिचा सर्वांत मोठा दोषही वेगच. तरबेज वादक एकमेकांना पळवत आहेत याचा आनंद पहिल्यांदा ऐकताना अपार असतो. तिसऱ्यांदा ऐकताना कोणीतरी थांबावे असे वाटू लागते.

मात्र दुसरा एक आक्षेप आहे, तो मला मुळीच मान्य नाही. ‘गिटार हे परके वाद्य, त्यावर आपला राग वाजणार कसा?’ हा तो आक्षेप. गंमत अशी की तो घेणारा श्रोता त्याच वृंदातल्या व्हायोलिनबद्दल अवाक्षर काढत नाही. व्हायोलिन तरी कुठले? ते युरोपातून आले, आणि एकोणिसाव्या शतकात बालुस्वामी दीक्षितरांसारख्यांनी ते कर्नाटक संगीतात रुजवले. आज दक्षिणेकडील गायनाची मैफल व्हायोलिनशिवाय अपुरी वाटते. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळातली पेटीही फ्रान्सची लेक. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती आणि ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. तोवर इकडे खेड्यापाड्यांत एकादशीचे भजन तिच्याच सुरावर चालू होते. वाद्य परके की आपले हे त्याच्या जन्मगावावरून ठरवू गेल्यास आपल्याला मंदिरातली पेटीही बाहेर काढावी लागेल.

खरा प्रश्न तांत्रिक आहे: त्या वाद्यातून मींड आणि गमक निघते का? साध्या गिटारच्या पट्टीवर धातूचे पडदे बसवलेले असतात आणि स्वर पडद्यापडद्याने उड्या मारतात. सतारीवर वादक तार बाजूला खेचून एका पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड काढतो. मॅक्लॉफ्लिनसाठी एब्राहम वेक्टर या कारागिराने गिब्सन कंपनीत खास गिटार बनवली. तिच्या दोन पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केले होते. त्यामुळे तारेखाली बोटाला जागा मिळते, तार दाबता आणि ओढता येते, स्वर हलवता येतो. शिवाय मुख्य तारांखालून तिरप्या अशा सात तारा लावल्या होत्या. त्या रागाप्रमाणे जुळवायच्या आणि मधूनमधून छेडायच्या, आपल्या चिकारीसारख्या. तरीही सतारीइतकी लांब मींड त्यातून येत नाही. वादकाला हे ठाऊक आहे, म्हणून तो लांब मींडीच्या वाटेला फारसा जातच नाही. तुटक, झपाट्याच्या ताना घेतो. वेगाचे एक कारण असे वाद्यातच दडले आहे.

लयीकडे वळू, कारण या संगीताचे घर तिथेच आहे. तबला उत्तरेचा, घटम दक्षिणेचा. दोघांची ताल मोजण्याची पद्धत निराळी. आपला त्रिताल सोळा मात्रांचा, चार-चारच्या चार विभागांचा, नवव्या मात्रेवर खाली. तिकडचा आदिताल आठ अक्षरांचा, चार-दोन-दोन असा, आणि तो हातावर टाळी व बोटांनी मोजायचा. खाली-भरीची आपली कल्पना तिकडे तशी नाही. तबलजी ठेक्याच्या वजनावर चालतो, घटमवादक आकड्यांच्या नक्षीवर. मग दोघे एकत्र कसे येतात? समेवर. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग स्वतः करून पाहावा: त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर मोजा, दुसऱ्या मात्रेपासून ‘त क त कि ट’ हा पाच अक्षरांचा तुकडा, मात्रेला एक अक्षर, असा तीनदा म्हणा. पाच त्रिक पंधरा. सोळावी मात्रा संपते आणि तुम्ही बरोबर समेवर येऊन पडता. उत्तरेत याच्या भाईबंदांना तिहाई म्हणतात, दक्षिणेत मोरा. झाकिर हुसेन आणि विनायकराम हे गणित बोलण्याच्या वेगाने करत, आणि तेही एकाने टाकलेला तुकडा दुसऱ्याने उलटा करून परत देत.

हे वर्गात ऐकवले तेव्हा काय झाले ते सांगतो. वारकरी घरातला, भजनात पखवाज वाजवणारा एक विद्यार्थी शेवटपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, वाजवणं जबरदस्त आहे. पण इथं देवाले बसाले जागाच नाही ठेवली.’ मानोरा तालुक्यातील एका तांड्यावरून येणारा दुसरा एकदम उसळला. त्याच्या घरी पोहरादेवीच्या यात्रेची परंपरा. नंगारा त्याने लहानपणापासून ऐकलेला. तो म्हणाला, ‘हे तं आमच्या नंगाऱ्यावानी उठते. देव उभाच आहे इथं, बसंल कायले?’ वर्ग हसला, पण मला या दोन वाक्यांत सौंदर्यशास्त्राचा अर्धा तास सापडला. एकाला संगीत म्हणजे चित्त ठरण्याची जागा, दुसऱ्याला अंग उठण्याची. दोघेही देवाचेच नाव घेत होते. तिसरा, लग्नसराईत बँजो पार्टीत ढोलक वाजवून फी भरणारा, त्याचा प्रश्न अधिक रोखठोक होता. त्याला गुरुजींनी बजावले होते की ‘वरातीत वाजवशील तर तबल्याला हात लावू नको’. त्याला विचारायचे होते, हे मोठे लोक दोन्हीकडचे वाजवतात ते चालते, मग मी का नाही? यावर मी त्याला एवढेच दाखवले की विनायकराम गिटारशेजारी बसूनही घटम घटमासारखाच वाजवतात. त्यांनी आपला हात बदललेला नाही. त्याचे तेवढ्याने समाधान झाले नाही, आणि ते व्हावे अशी माझी अपेक्षाही नव्हती.

दुसरी ध्वनिमुद्रिका ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ १९७६ मध्ये लंडनला मुद्रित झाली. माझ्या मते जुन्या तिन्हींत ही सर्वांत तोलाची. ‘इंडिया’ या रचनेत गिटार आणि व्हायोलिन पहिल्यांदा सावकाश, एकमेकांचे ऐकून बोलतात. ज्यांची आलापाची तक्रार आहे त्यांनी इथून सुरुवात करावी.

१९७७ ची ‘नॅचरल एलिमेंट्स’ मात्र वादाचे मूळ. आठ छोट्या रचना, नाचरी वळणे, कोठे गाणेही. जुने चाहते म्हणाले, बाजाराला शरण गेले. बाजारानेही फारशी दाद दिली नाही, म्हणजे तेलही गेले आणि तूपही. मला ही ध्वनिमुद्रिका फसली असेच वाटते, पण कारण ‘व्यापारी’ हे नव्हे. छोटी रचना म्हणजे हलकी रचना नव्हे. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर अब्दुल करीम खाँ साहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा केला आहे. त्या तीन मिनिटांत काय गाळायचे हे त्यांना माहीत होते. ‘नॅचरल एलिमेंट्स’मध्ये गाळणे नाही, आवरते घेणे आहे, मोठ्या मैफलीचे चार मिनिटांवर कापलेले तुकडे वाटतात. १९७८ मध्ये वृंद थांबला.

त्यानंतरचा भाग गमतीचा. १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने तो पुन्हा उभा राहिला. शंकरांच्या जागी पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी. १९९९ च्या जोडमुद्रिकेत ‘मुक्ती’ नावाची रचना तासाहून अधिक चालते! ज्यांनी ‘आलाप कुठे’ म्हणून बावीस वर्षे विचारले त्यांना आलाप मिळाला, आणि त्यांतल्याच काहींनी ‘ही तर बासरीची मैफल झाली, शक्ती कुठे’ असे विचारले. पुढे मँडोलिनवर यू. श्रीनिवास आले. २००१ ची ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ ही मुंबईच्या मैफलींची मुद्रिका. तीत पंडित शिवकुमार शर्मांचा संतूर आहे आणि शंकर महादेवनांचा आवाज. काहींना ती पाहुण्यांनी भरलेली लग्नपंगत वाटते. मला संतूरचा भाग फार आवडतो, बाकी पंगत खरीच.

अभ्यासकासाठी एक युक्ती सुचवतो. ‘लोटस फीट’ ही एकच चाल घ्या. ती १९७६ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत आहे, महाविष्णूच्या १९७६ च्याच ‘इनर वर्ल्ड्स’मध्ये विजेच्या वाद्यांवर आहे, आणि १९९९ मध्ये चौरसियांच्या बासरीवर आहे. एकच चाल, तीन वस्त्रे. तिन्ही लागोपाठ ऐकून प्रत्येकाने आपल्याला कोणती आवडली हे आधी लिहावे आणि मग कारण शोधावे. वर्गात तिघांना विजेची आवडली, बहुतेकांना बासरीची, आणि पखवाजवाल्या मुलाने १९७६ ची पहिली निवडली. कारण विचारले तर म्हणाला, ‘इथं दोघं एकच ओळ धरून चालतात. आमच्या दिंडीत टाळकरी चालतात तसे.’

राहिली २०२३ ची ‘धिस मोमेंट’, जिच्यामुळे हा सारा खटाटोप झाला. ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर सेहेचाळीस वर्षांनी आलेली ही स्टुडिओतली ध्वनिमुद्रिका. श्रीनिवास २०१४ मध्येच गेले होते. आता गाण्याला शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, आणि घटम-कंजिरावर विनायकरामांचेच चिरंजीव सेल्वगणेश. मुद्रण अतिशय स्वच्छ, जुळणी निर्दोष, आणि माझ्या कानाला इथेच उणे भासते: १९७५ च्या त्या सभागृहात एक वादक दुसऱ्याच्या तुकड्याने चकित होतो ते ऐकू येते, इथे कोणी चकित होत नाही. वर्गातील निम्म्या मुलांना हे पटले नाही. त्यांच्या मते शंकर महादेवनांच्या आवाजाने प्रथमच त्या वृंदाला तोंड मिळाले, नाहीतर तोवर नुसते हातच होते. आवाज आल्यामुळे त्यांच्या आई-वडिलांनीही घरी ती ऐकली, हेही त्यांनी सांगितले, आणि ही गोष्ट साधी नाही.

१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिर हुसेन गेले. दुसऱ्या दिवशी तो बँजो पार्टीतला विद्यार्थी संगीत कक्षात आला आणि १९७६ ची पहिली मुद्रिका लावा म्हणाला. आम्ही ‘जॉय’ पूर्ण ऐकले. अठरा मिनिटे तो बोटांनी बाकावर मोजत होता. दोनदा सम चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला.