पत्रा आधी, मुहूर्त नंतर

फोनवर घाईत सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून सविस्तर लिहून पाठवतोय. शोरूमवाल्याने तुला स्वतःहून सांगितलं की ट्रेलरवरून उतरवताना मागच्या डाव्या दाराला लागलं होतं, 'आम्ही ते करून घेतलंय, आता ओळखूसुद्धा येत नाही.' त्याने सांगितलं, ही त्याची जमेची बाजू. बरेच जण सांगत नाहीत. पण दसरा तोंडावर आलाय म्हणून लगेच हो म्हणू नकोस, आणि दुरुस्तीचं नाव ऐकलं म्हणून लगेच नाहीही म्हणू नकोस. विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी हयात ठोकलेल्या गाड्या बघण्यात गेली. त्यातून जे हाती लागलं ते तुला देतोय.

आधी एक पथ्य पाळ. गाडी बघेपर्यंत उरलेले पैसे भरू नकोस. बुकिंगची रक्कम गेली तेवढी पुरे. तुझ्या नावावर चासी नंबर पडला की तो मागून घे, गाडी यार्डात उभी असतानाच बघ, आणि मग बाकीचा चेक, विमा, रोड टॅक्स. एकदा बिल फाटलं, पॉलिसी निघाली आणि नंबर पडला की गाडी कागदोपत्री तुझी झाली, आणि मग शोरूमचा सूर बदलतो. शिवाय आता नवी खाजगी गाडी पासिंगसाठी आरटीओत न्यावी लागत नाही, नोंदणी शोरूममधूनच ऑनलाइन होते. म्हणजे तिऱ्हाईत नजरेने त्या गाडीकडे बघणारं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. १९३० सालचा मालविक्रीचा कायदा माल तपासून बघायचा हक्क तुला देतो. पण गाडी घरी आणली, नारळ फोडला, महिनाभर चालवली आणि काही कळवलं नाही, तर तू ती स्वीकारलीस असंच धरलं जाईल.

आता मुद्द्याचं. किती लागलं यापेक्षा कुठे लागलं हे आधी विचार. बंपर, हेडलाइट, पुढचा मडगार्ड, बॉनेट, दारं, डिकीचं झाकण हे सगळे नट-बोल्टवर बसवलेले भाग. ते खोलून नवे लावता येतात आणि नीट लावले तर गाडीच्या मजबुतीला धक्का लागत नाही. पण छत, दारांमधले खांब, मागच्या चाकावरचा पत्रा, दाराखालची पट्टी, बॉनेटखालचे एप्रन आणि लांब चासी मेंबर हे कारखान्यात वेल्डिंगने एकजीव केलेले असतात. उद्या देव न करो आणि कुठे धडक बसली, तर तो धक्का झेलायचं काम यांचं असतं. तिथे कटवर्क झालं असेल, म्हणजे पत्रा कापून जोड दिला असेल किंवा ओढून सरळ केला असेल, तर लाखभर सूट मिळाली तरी ती गाडी नवी म्हणून घ्यायची नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर फरशीखालच्या बॅटरीच्या पेटीला खालून लागलेलंही त्याच हिशेबात धर.

तुझं दाराचं आहे, म्हणजे बोलायला जागा आहे. पण जुनंच दार ठोकून पुट्टी भरली, की नवं दार बसवलं, हे त्याला स्पष्ट विचार. नवं दार असलं तरी रंग इथेच, वर्कशॉपच्या बूथमध्ये लागतो. कारखान्यात गाडीचा रिकामा सांगाडाच रंगवून भट्टीतून काढतात. गंजरोधक प्राइमरचा पहिला थर तर दीडशे अंशांच्या वर भाजला जातो. वायरिंग, काचा, प्लॅस्टिक लागलेल्या गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही, म्हणून बूथमध्ये हार्डनर घातलेला रंग साठ-सत्तर अंशांवर सुकवतात. हे काम मनापासून केलं तर वर्षानुवर्षं टिकतं, मी तशी दारं पाहिली आहेत. पण जुनं दार ठोकलं असेल तर आतल्या बाजूचा तो भाजलेला प्राइमर तडकलेला असतो, आणि आपल्या कोकणाच्या पावसात गंज तिथून सुरू होतो. बाहेरून चकाचक, आतून पोखरलेलं. म्हणून ठोकलेल्यापेक्षा बदललेलं दार मी केव्हाही पसंत करीन.

बघायला सकाळच्या उजेडात जा. शोरूमच्या दिव्यांखाली नको, आणि नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवर तर मुळीच नको, पाणी सगळे दोष झाकतं. डोळा पत्र्याच्या पातळीला आणून तिरकं बघ. समोरच्या झाडाचं किंवा खांबाचं प्रतिबिंब पुढच्या दारावरून मागच्या दारावर सरळ गेलं पाहिजे. मध्येच ते लचकलं किंवा संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत दिसलं, तर काम घाईचं झालंय. मेटॅलिक आणि मोतिया पांढऱ्या रंगाचा शेड जुळवणं सगळ्यात अवघड, सावलीत जुळलेला उन्हात वेगळा दिसतो.

मग दार उघड आणि कडेवरून बोट फिरव. बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो, त्या शिवणीवर सीलरची रेघ असते. यंत्राने ओढलेली रेघ एकसारखी जाते. हाताने भरलेली कुठे जाड कुठे बारीक, आणि बोटाखाली ते लगेच कळतं. डावीकडचं दार उजवीकडच्याशी ताडून बघ, नवख्या माणसाला याच्याइतकी खात्रीची युक्ती दुसरी नाही. बिजागरीचे बोल्टही तसेच ताड. एकाच दाराच्या बोल्टांचे कोपरे सोलवटलेले असतील आणि बाकी तिन्ही तशी नसतील, तर ते दार उतरवलं होतं. रबराचं बीडिंग हलकेच उचल. खाली मास्किंग टेपची रेघ किंवा रबरावर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले, तर काम कुठवर गेलं होतं ते कळेल. तो म्हणतो फक्त दार, आणि शिंतोडे मागच्या चाकावरच्या पत्र्यावर? मग तिथेच थांबायचं.

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. पुन्हा मारलेला २०० च्या पुढे जातो, आणि खाली पुट्टी असेल तर आकडा ५०० काय, हजारही दाखवतो. प्रत्येक पॅनेलवर चार-पाच ठिकाणी लावून बघायचं, बंपरवर नाही, कारण प्लॅस्टिकवर ते चालत नाही. ओळखीच्या पेंटरला बरोबर नेलंस तर उत्तमच. शोरूमने त्याला हात लावू दिला नाही, तर त्यातच तुझं उत्तर आलं.

दारापलीकडची दोन दुखणी मात्र अशी आहेत की त्यांच्यावर घासाघीस करायचीच नाही. एक पाणी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा गाड्या बघताबघता पाण्याखाली गेल्या. यार्डात उभ्या नव्या गाडीतही पाणी शिरू शकतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, खालच्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. डिकीतलं स्टेपनीचं चाक उचलून खाली बघ, सीटखालच्या बोल्टांवर गंज आहे का बघ. दुसरं म्हणजे उंदीर. यार्डात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं वायरिंग ते कुरतडतात, आणि मग टेप गुंडाळून जोड दिला जातो. एअरबॅग आणि ब्रेकचे सेन्सर ज्या तारांवर चालतात त्यांना जोड देऊन दिलेली गाडी नको, पूर्ण हार्नेस बदललेला असेल तरच पुढचं बोल. उत्पादनाचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, लिहिलेलं असतं. गाडी किती दिवस उभी होती ते त्यावरून समजेल.

सगळं मनासारखं असलं तरी तोंडी काही घेऊ नकोस. शोरूमच्या लेटरहेडवर चासी नंबर घालून लिहून घे: कधी लागलं, कुठे लागलं, कोणता भाग बदलला, कोणता रंगवला, बाकी कशालाही हात लावलेला नाही. दुरुस्तीआधीचे फोटो माग, ट्रान्झिट विम्याचा क्लेम केला असेल तर त्यांच्याकडे ते असतातच. रंगाची आणि गंजाची वॉरंटी त्या दारालाही पूर्ण लागू राहील, हे नुसतं शोरूमने नाही, तर कंपनीनेही ईमेलवर लिहून द्यायला हवं. हे पत्र पुढे माझ्यासारख्याच एखाद्या सर्व्हेअरसमोर कामाला येईल. दोन वर्षांनी त्याच दाराला कुणी ठोकलं आणि खाली जुनी पुट्टी निघाली, तर तो आधीचं नुकसान म्हणून क्लेम कापायला बघेल. तेव्हा तुझी बाजू तेवढा एक कागदच सांगेल.

सुटीचं म्हणशील तर सीटकव्हर, मॅट आणि पॉलिशवर समाधान मानू नकोस. रोख सूट बिलात दिसली पाहिजे. अमेरिकेत अलाबामातल्या एका डॉक्टरांनी १९९० मध्ये नवी बीएमडब्ल्यू घेतली. ती विक्रीआधी अर्धीअधिक रंगवलेली होती हे नंतर कळलं. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर सांगायचं नाही, असा कंपनीचा नियमच होता, शोरूमलाही पत्ता नव्हता. पुन्हा रंगवलेल्या गाडीची किंमत सुमारे १० टक्क्यांनी उतरते, असं कोर्टात धरलं गेलं. दंडाची मोठी रक्कम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अवाजवी ठरवली, तो भाग निराळा. तिथे छत, बॉनेट, डिकी सगळंच रंगवलेलं होतं, तुझं एकच दार आहे. तेव्हा १० टक्के मागणं जास्त होईल, पण दाराच्या रंगकामाचा खर्च तेवढाच तुझा तोटा, हा त्यांचा हिशेब मानू नकोस. विकताना गिऱ्हाईक 'ठोकलेली आहे' म्हणून जे पाडून मागेल, तो तोटा खरा. निदान त्या रकमेइतकी सूट आणि वर वाढीव वॉरंटी माग.

आणि पत्र दोघांकडून का, ते गोव्याच्या एका प्रकरणावरून समजून घे. तिथल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये नव्या गाडीचे पैसे दिले आणि हातात आली ती २००९ ची, सहाशेवर किलोमीटर पळालेली, खालून गंजलेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने डीलरला जबाबदार धरलं. कंपनीला मात्र सोडलं, कारण डीलरने काय केलं हे कंपनीला माहीत होतं असं सिद्ध झालं नाही. म्हणून कंपनीला आजच कळवून ठेव, म्हणजे उद्या तिला माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. वेळ आलीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची. पण तो रस्ता लांबचा आहे, आजच्या तपासणीने तो टळत असेल तर टाळावा.

माझं मत विचारशील तर असं: दार नवं बसवलेलं असेल, आजूबाजूला काही हललेलं नसेल, दोन्ही पत्रं हातात असतील, तर गाडी घे. दार ठोकलेलं असेल तर त्याच रंगाची दुसरी गाडी माग, आणि ती येईपर्यंत थांब. शिंतोडे चाकावरच्या पत्र्यापर्यंत गेलेले दिसले किंवा फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर बुकिंग रद्द करतेस असं ईमेलने कळव आणि पैसे परत माग. तुझ्या सासूबाईंना दसऱ्यालाच गाडी दारात हवी आहे हे मला ठाऊक आहे. त्यांना माझं नाव सांग. वीसेक दिवसांनी दिवाळीचा पाडवा येतोच आहे, तोही साडेतीन मुहूर्तांतलाच. शनिवारी सकाळी नऊपर्यंत यार्डाची वेळ घेतलीस, तर मीटर घेऊन मीही येतो.