मालमत्तेच्या यादीतील माणसे

शास्त्रपाठ : एज्रा २:६४-६७, दानीएल १:६-७, फिलेमोन १०-१६

बाबेलहून परतलेल्यांच्या यादीत घराण्यांची नावे तपशीलवार आहेत. ७,३३७ दासदासींची मात्र केवळ संख्या दिली आहे. पुढे गायकांचा उल्लेख होतो आणि लगेच ७३६ घोडे व २४५ खेचरे मोजली जातात. हा भाग आपण सहसा घाईने वाचतो.

तांबरमहून उत्तरेस, चेन्नई ओलांडल्यावर पुलिकत लागते. तेथे १६१३ मध्ये गेल्ड्रिया किल्ला उभा राहिला. सतराव्या शतकातील दुष्काळांत या किनाऱ्यावर उपाशी माणसे विकली गेली. डच जहाजांनी त्यांना बटाव्हियाला नेले. काही आफ्रिकेतील केप वसाहतीत पोहोचली.

केपमध्ये मालक वारला की त्याच्या मालमत्तेची यादी होई. भांडी, पलंग, गुरे आणि त्यांच्याबरोबर गुलाम! 'सप्टेंबर', 'क्युपिडो' ही नावे मालकांनी ठेवलेली. पुढे 'कोरोमांडेलचा' किंवा 'बंगालचा' अशी जोड. अभ्यासक आज या याद्या विक्रीखते, बाप्तिस्म्याच्या नोंदी व मुक्तिपत्रे यांच्याशी ताडून एकेका व्यक्तीचे आयुष्य जुळवतात. अशाच नोंदींतून 'बंगालची आंजेला' आपल्याला भेटते : १६६६ मध्ये ती मुक्त झाली, १६६९ मध्ये तिचा विवाह झाला. आपल्या पेशवे दप्तरातही कुणबिणी व बटकी यांच्या नोंदी आहेत. हा विषय परक्यांचाच आहे असे नव्हे.

बाबेलच्या दरबारात हनन्या, मीशाएल व अजऱ्या यांची नावे बदलली गेली. तरी शास्त्रलेखकाने त्यांची मूळ नावे नव्या नावांशेजारी जपली. सत्तेने दिलेले नाव हे माणसाचे अखेरचे नाव नव्हे.

अनेसिम या नावाचा अर्थ 'उपयोगी'. अवजाराला शोभावे असे हे नाव! पौल त्या अर्थावर श्लेष करतो, पण तेथे थांबत नाही. त्याला प्रथम लेकरू आणि मग प्रिय बंधू म्हणतो. येथे मराठी वाचकाने सावध असावे. 'दास' शब्दाला आपल्याकडे भक्तीचा सुगंध आहे. मूळ ग्रीक शब्दात विकत घेतलेला गुलामही आहे. तो अर्थ ध्यानी घेतल्यावाचून 'बंधू' या शब्दाचे मोल कळत नाही.

मननासाठी : आपल्या मंडळीच्या जुन्या वह्यांत 'एक मोलकरीण', 'अमक्याचा गडी' एवढ्यावरच कोणाची नोंद संपली आहे काय? वडीलधाऱ्यांना विचारा, इतर नोंदी पाहा, आणि सापडलेले नाव वेगळ्या वहीत पुराव्यासह लिहून ठेवा.