घरातील एचडी दूरचित्रवाणी : संच, जोडणी आणि नियमन

एचडी दूरचित्रवाणी संच घरी आला की चित्रही एचडी दिसू लागेल, अशी ग्राहकाची स्वाभाविक अपेक्षा असते. प्रत्यक्षात संच हा एका लांब साखळीतील शेवटचा दुवा आहे. वाहिनीने कार्यक्रम एचडी स्वरूपात प्रसारित करणे, उपग्रहावर किंवा केबलच्या जाळ्यात त्यासाठी क्षमता उपलब्ध असणे, घरातील सेट टॉप बॉक्स एचडी असणे, बॉक्स आणि संच यांना जोडणारी तार योग्य असणे आणि ग्राहकाने त्या वाहिनीचे शुल्क भरलेले असणे, या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच पडद्यावर अपेक्षित चित्र उमटते. अर्थशास्त्रात अशा वस्तूंना पूरक वस्तू म्हणतात. चहा आणि साखर हे त्याचे पाठ्यपुस्तकातील नेहमीचे उदाहरण. पण साखरेविना चहा पिता येतो. येथे एक दुवा निखळला तर बाकी सर्व दुव्यांवर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो. असा खर्च भारतातील असंख्य कुटुंबांनी केला आहे. म्हणूनच हा विषय केवळ तंत्रज्ञानाचा न राहता ग्राहकहित आणि नियमन यांचा होतो.

चित्राचे गणित

भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत ६२५ रेषा असून त्यांपैकी ५७६ रेषा चित्रासाठी वापरल्या जातात. अंकीय स्वरूपात हे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४.१५ लाख बिंदूंचे होते. पूर्ण एचडी चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७४ लाख बिंदूंचे असते. तपशील पाचपट वाढतो. बाजारात ‘एचडी रेडी’ म्हणून विकले जाणारे लहान संच बहुधा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचे असतात. ते पूर्ण एचडी नव्हेत, ही बाब खरेदीच्या वेळी सहसा स्पष्ट केली जात नाही. विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असलेली अशी माहिती म्हणजे माहितीच्या विषमतेचे घरगुती उदाहरणच होय.

बिंदू वाढले म्हणजे उपयोगिता त्याच प्रमाणात वाढते, असेही नाही. एचडी चित्राचा पूर्ण तपशील डोळ्याला दिसण्यासाठी पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावरून पाहावे लागते. जुन्या साध्या चित्रासाठी हे अंतर सुमारे सहापट मानले जाते. ३२ इंची संचाच्या पडद्याची उंची साधारण ४० सेंटिमीटर असते. म्हणजे एचडीचा पुरेपूर लाभ सव्वा मीटरच्या आत बसून मिळेल. अडीच मीटरवरून त्याच संचाकडे पाहणाऱ्यास साधे पण चांगल्या प्रतीचे चित्र आणि एचडी चित्र यांत तत्त्वतः फारसा फरक जाणवणार नाही. ५५ इंची संचासाठी हे अंतर सुमारे दोन मीटर होते. खोलीची लांबी न मोजता संच निवडणे हे सीमांत उपयोगितेकडे पाठ फिरवणे आहे, इतके म्हणण्यास हरकत नसावी.

घरातील दुवे

सर्वाधिक आढळणारी चूक तारेची आहे. एचडी बॉक्स आणि एचडी संच दोन्ही असूनही ते लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या टोकांच्या जुन्या तारेने जोडले, तर एचडी चित्र संचापर्यंत पोहोचतच नाही. पिवळी तार केवळ साध्या दर्जाचे चित्र वाहून नेऊ शकते. त्यासाठी एचडीएमआय तार लागते. बॉक्सच्या मांडणीतही चित्राचा दर्जा १०८० किंवा ७२० असा निवडावा लागतो. त्यानंतर एचडी वाहिनी तिच्या स्वतंत्र क्रमांकावर लावावी लागते, कारण बहुतेक सेवांमध्ये एकाच वाहिनीच्या साध्या आणि एचडी आवृत्त्या वेगवेगळ्या क्रमांकांवर असतात. सवयीने जुनाच क्रमांक दाबणारे घर एचडीचे पैसे भरून साधे चित्र पाहत राहते. चार गुणिले तीन प्रमाणात चित्रित झालेले जुने कार्यक्रम सोळा गुणिले नऊच्या पडद्यावर ताणून पाहिल्यास माणसे बुटकी आणि रुंद दिसतात. हा संचाचा दोष नसून मांडणीचा आहे.

डीटीएच सेवेत छपरावरील डिश हा आणखी एक दुवा असतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असल्याने भारतातील डिश दक्षिणेकडील आकाशाकडे वळवलेली असते आणि त्या दिशेला झाड किंवा इमारत आड येऊन चालत नाही. केयू पट्ट्यातील संकेत मुसळधार पावसात क्षीण होतात, हा कोकणपट्टीतील ग्राहकांचा दर पावसाळ्यातील अनुभव आहे.

वहनक्षमता ही दुर्मीळ साधनसंपत्ती

पाचपट तपशील म्हणजे वाहून नेण्यास अधिक माहिती. उपग्रहावरील ट्रान्सपाँडरची क्षमता मर्यादित असून तिचे भाडे द्यावे लागते. एमपेग-२ ऐवजी एमपेग-४ संकोचनतंत्र वापरल्यास तेच चित्र सुमारे निम्म्या माहितीत बसते. तरीही एक एचडी वाहिनी एकापेक्षा अधिक साध्या वाहिन्यांची जागा अडवते. जुन्या सदृश, म्हणजे ॲनालॉग, केबलवर तर शंभरेक वाहिन्यांपुढे जागाच नव्हती. त्याहून मोठी अडचण हिशेबाची होती. कोणत्या घरात कोणती वाहिनी पाहिली जाते, हे सदृश केबलमध्ये कळत नसे. स्थानिक केबलचालक ग्राहकसंख्या कमी दाखवीत आणि वसुलीचा मोठा भाग प्रसारकापर्यंत पोहोचत नसे. ज्या ग्राहकाला स्वतंत्रपणे ओळखता येत नाही, त्याला अधिक दर्जाचे चित्र अधिक किमतीला विकताही येत नाही. त्यामुळे एचडीचा प्रसार अंकीकरणावर अवलंबून राहिला.

केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम १९९५ साली झाला. २००२ च्या दुरुस्तीने कंडिशनल ॲक्सेस प्रणालीची तरतूद झाली. ती चेन्नईत २००३ मध्ये आणि दिल्ली, मुंबई व कोलकाता यांच्या अधिसूचित भागांत २००६ अखेरीस आली, पण मर्यादित राहिली. २०११ च्या दुरुस्तीने अंकीय प्रणाली अनिवार्य केली. पहिल्या टप्प्यात चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ आणि दुसऱ्या टप्प्यात पुणे, नागपूर, नाशिक यांसह ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. अखेरच्या, चौथ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढवावी लागली. या काळात खासगी डीटीएच सेवा २००३ पासून आणि दूरदर्शनची निःशुल्क डीटीएच सेवा डिसेंबर २००४ पासून सुरू झाली होती. दूरदर्शनने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे एचडी प्रसारण केले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांनी रंगीत दूरचित्रवाणी आणली, तशीच ही घटना. प्रादेशिक भाषांना मात्र थांबावे लागले. स्टार प्रवाह आणि झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ मध्ये सुरू झाल्या.

किंमत कोण ठरवते

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, अर्थात ट्रायकडे, प्रसारण सेवांचे नियमन जानेवारी २००४ मध्ये सोपविण्यात आले. मार्च २०१७ च्या आणि प्रत्यक्षात २०१९ च्या आरंभी अमलात आलेल्या दर आदेशाने ग्राहकाच्या देयकाचे दोन भाग केले : जाळ्याच्या वापराचे शुल्क आणि वाहिन्यांची किंमत. पहिल्या १०० साध्या वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये आणि पुढील प्रत्येक २५ वाहिन्यांसाठी कमाल २० रुपये अशी मर्यादा होती. एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी मोजली जाई. १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी समूहात घालता येत नव्हती, आणि एकाच वाहिनीच्या साध्या व एचडी आवृत्त्या एकाच समूहात ठेवण्यास मनाई होती.

उदाहरणादाखल एका घराने १०० निःशुल्क वाहिन्यांखेरीज १५ सशुल्क वाहिन्या घेतल्या, असे समजू. साध्या आवृत्त्यांची किंमत प्रत्येकी १० रुपये धरल्यास देयक १३० अधिक २० अधिक १५० म्हणजे ३०० रुपये आणि १८ टक्के वस्तू व सेवा करासह ३५४ रुपये होते. त्याच वाहिन्या प्रत्येकी १९ रुपयांच्या एचडी आवृत्तीत घेतल्यास त्या ३० वाहिन्यांइतक्या मोजल्या जाऊन वापरशुल्काचे दोन अतिरिक्त टप्पे लागतात : १३० अधिक ४० अधिक २८५ म्हणजे ४५५ आणि करासह ५३६ रुपये ९० पैसे. दरमहा १८२ रुपये ९० पैशांचा हा फरक वर्षाला सुमारे २,१९५ रुपये होतो. संचाची किंमत एकदाच मोजली जाते, हा आवर्ती खर्च मात्र चालू राहतो. घरगुती अंदाजपत्रकात नेमका तोच विसरला जातो.

जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने १३० रुपयांत २०० वाहिन्या देण्याचे बंधन आले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने वापरशुल्कावरील कमाल मर्यादाच उठवून ते सेवादात्यांवर सोपविले. स्पर्धा पुरेशी असेल तर हा निर्णय योग्य ठरतो. पण ग्राहकाला सेवादाता सहज बदलता येत नसेल, तर स्पर्धा कागदावर राहते. आणि बॉक्सची मेख येथेच आहे. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेत सहसा चालत नाही. सेवा बदलायची तर एचडी बॉक्स पुन्हा विकत घ्यावा लागतो आणि बदलाचा हा खर्च ग्राहकाला बांधून ठेवतो. डीटीएचच्या २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही परस्परानुकूलतेचा विचार होता. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने सर्व बॉक्स परस्परानुकूल असावेत, अशी शिफारस केली. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सुविधा २०११ पासून देशभर आहे. दूरचित्रवाणीच्या ग्राहकाला तिच्या तोडीचे काही अद्याप मिळालेले नाही.

आंतरजालाचा पर्याय

बॉक्सला वळसा घालून आंतरजालावरून एचडी चित्र पाहता येते. त्यासाठी साधारण ५ एमबीपीएस वेग स्थिरपणे लागतो. या वेगाने तासाला सुमारे २.२५ जीबी आणि रोज दोन तास पाहिल्यास महिन्याला १३५ जीबी माहिती खर्च होते. दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल योजनेत हे बसत नाही, तारेची ब्रॉडबँड जोडणीच हवी. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस अशी बदलत गेली. परीक्षार्थींनी हे तीन टप्पे लक्षात ठेवावेत. त्याचबरोबर व्याख्येनुसार ब्रॉडबँड असलेली जोडणीही एचडीसाठी अपुरी ठरू शकते, हेही ध्यानात घ्यावे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४७.२ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता. शहरी भागात हे प्रमाण ७६.७, तर ग्रामीण भागात ३३.४ टक्के होते. संचावरील कराचा भार त्यानंतर घटला आहे. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मासिक शुल्क न परवडणाऱ्या घरांसाठी डीडी फ्री डिश हा मोठा आधार असला, तरी त्यावरील बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत. भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ट्यूनर अंतर्भूत असलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी आयएस १८११२ : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे. अशा संचाला डिश थेट जोडली की निःशुल्क वाहिन्या बॉक्सविना दिसतात. सशुल्क एचडी वाहिन्या कूटबद्ध असल्याने त्यांच्यासाठी सेवादात्याची स्वतंत्र व्यवस्था लागतेच.