पाय न टेकता

हिंगोली जिल्हा 1999 साली परभणीपासून वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेस वसमतकडे पूर्णेच्या खोऱ्यातील सखल, काळीभोर जमीन पसरली आहे; परंतु औंढा नागनाथाच्या बाजूस गेले की टेकड्या, मुरमाड चढ आणि पावसाळ्यात अकस्मात भरून वाहणारे ओढे लागतात. अशा चढावर सायकलच्या मागे हळदीचे पोते बांधून निघालेला मनुष्य काही अंतर बसून जातो, मग पायडलवर उभा राहतो आणि शेवटी निमूटपणे खाली उतरून सायकल ढकलू लागतो. त्याच्या पायांतील बळ संपले, असे पाहणारास वाटते. पण ते खरे नव्हे. तोच मनुष्य तेच पोते आणि तीच सायकल ढकलीत माथ्यावर पोहोचतो. मग बसून त्याला ते का साधले नाही?

याचे उत्तर सायकलच्या दात्यांत आहे. हिशेबाच्या सोयीसाठी असे समजू की, पायडलजवळील मोठ्या चक्रास 44 दाते आहेत व मागच्या फ्रीव्हीलला 22. चेनचा एकेक दुवा एकेका दात्यावरून जातो. तेव्हा पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक दोन फेऱ्या करते. 28 इंची चाक असल्यास सायकल तेवढ्यात सुमारे साडेचार मीटर पुढे जाते. आता मागेही 44 दात्यांचे चक्र बसविले तर? पायडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी होईल व अंतर सव्वादोन मीटरच कापले जाईल. परंतु चढ चढण्यास पायाला निम्माच जोर लावावा लागेल. अंतर आणि जोर ही दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत. एक वाढवावे तर दुसरे घटते. दात्यांच्या या प्रमाणास गिअरचे गुणोत्तर म्हणतात. सपाट सडकेसाठी योजलेले गुणोत्तर चढावर जड पडते, म्हणून पोतेवाल्यास उतरावे लागते.

सायकलवरून उतरण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र मोटारसायकलींची एक स्पर्धा अशी आहे की, तीत जमिनीला नुसता पाय लागला तरी गुण जातात. तिला ट्रायल्स म्हणतात. या स्पर्धेत वेगाला महत्त्व नसते. खडक, ओढ्याचे पात्र, घसरडा उतार, झाडांची मुळे अशा अवघड जागी दोरी लावून वाट आखून देतात आणि स्वाराने तेथून पाय न टेकता पार व्हावयाचे असते. साधारण नियम असा की, पाय एकदा टेकल्यास एक दंडगुण, दोनदा टेकल्यास दोन, त्याहून अधिक वेळा टेकल्यास तीन; आणि गाडी अडून प्रयत्नच फसला तर पाच. दंडगुण सर्वांत कमी ज्याचे, तो विजयी. आजच्या ट्रायल्स गाडीचे वजन सत्तर किलोच्या आसपास असते. तिला बसण्याजोगी बैठकच नसते, कारण स्वार सारा वेळ उभाच असतो.

ही गाडी माणसाच्या चालीने, कित्येकदा त्याहूनही मंद गतीने चालवावी लागते. खरी अडचण येथेच आहे. माणूस चालतो तासाला सुमारे साडेचार किलोमीटर, म्हणजे मिनिटाला 75 मीटर. गाडीच्या मागच्या चाकाचा परीघ दोन मीटरांहून किंचित अधिक असतो. तेव्हा या गतीने चाक मिनिटाला सुमारे 36 फेरे घेते. सडकेवरच्या गाडीचे इंजिन पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे 14 फेरे घेते असे धरले, तर इंजिनाचे फेरे होतील मिनिटाला अवघे 504. इतक्या कमी फेऱ्यांवर ते गचके देऊन बंद पडते. स्वार मग अर्धा क्लच दाबून धरतो, क्लचच्या पट्ट्या घासून तापतात, आणि गाडी तरीही धक्के खातच जाते. याउलट हेच प्रमाण 36 ठेवले, तर इंजिन मिनिटाला सुमारे 1300 फेरे घेत सुखाने गुणगुणत राहते आणि गाडी खडकावर पायरी-पायरीने चढते.

इंजिनाचे फेरे चाकापर्यंत येताना तीन ठिकाणी कमी होतात: प्रथम इंजिनाकडून क्लचकडे, मग गिअरपेटीत, आणि शेवटी चेनवर. या तिन्ही गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे एकूण गुणोत्तर. पहिली दोन इंजिनाच्या पोटात दडलेली असतात. ती बदलावयाची तर इंजिन उघडावे लागेल. तिसरे मात्र उघड्यावर आहे. गॅरेजात ज्याला चेनसॉकेट म्हणतात, ती पुढची व मागची दातेरी चक्रे बदलून स्वार आपले गुणोत्तर निवडतो.

ही निवड करताना एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. पुढच्या चक्रास 11 व मागच्यास 42 दाते असले, तर गुणोत्तर 3.82 होते. पुढचा एकच दाता कमी करून 10 केले की ते 4.2 होते, म्हणजे एकदम दहा टक्क्यांचा फरक. तेवढाच फरक मागे घडवून आणावयाचा तर चार दाते वाढवावे लागतील. म्हणून मोठा बदल पुढे करावा आणि बारीक दुरुस्ती मागे. पण पुढचे चक्र फारच लहान केले तर चेन त्याभोवती तीव्र वळण घेते व लवकर झिजते. मागचे फार मोठे केले तर चेन अपुरी पडते, ती लांबवावी लागते, आणि खाली आलेले चक्र खडकावर आपटण्याचे भय राहते.

गुणोत्तर जितके हलके तितकी गाडी अधिक चांगली, असे यावरून कोणी ठरवील. येथेच पुष्कळजण फसतात. काळ्या मातीत पहिला पाऊस पडून गेल्यावर गाडी रुतली, तर अनुभवी चालक पहिला गिअर टाकीत नाही. तो दुसरा टाकतो. पहिल्या गिअरमध्ये चाकास जोर इतका मिळतो की मातीला तो पेलत नाही. चाक जागच्या जागी फिरते, खड्डा करते आणि त्यात आणखी खोल बसते. जोर पुरेसा असणे निराळे आणि मातीस मानवेल इतकाच असणे निराळे. कमरेइतक्या उंच खडकावर उडी घ्यावयाची असेल तेव्हाही हेच आड येते. चाकाला हवा तेवढा वेग येण्याच्या आतच इंजिनाचे फेरे शिगेला पोहोचतात, आणि चढाच्या मध्यावर गिअर बदलावयास तर सवडच नसते.

अशा स्पर्धांत स्कॉटलंडमधील सहा दिवसांची स्पर्धा फार जुनी व मानाची गणली जाते. ती 1909 साली सुरू झाली. 1952 व 1957 या दोन्ही वर्षी जॉनी ब्रिटन या इंग्लिश स्वाराने ती 350 सी.सी.च्या रॉयल एनफील्ड बुलेटवर जिंकली. 1955 साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे बुलेट तेथेच बनू लागली. हिंगोलीच्या रस्त्यावर धडधडत जाणारी आजची बुलेट ही त्याच घराण्यातील होय. त्या विजयांच्या स्मरणार्थ कंपनीने 2019 मध्ये ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी काढली, तेव्हा तिला मागचे दातेरी चक्र नेहमीच्या बुलेटपेक्षा मोठे दिले होते. तरीसुद्धा ती जड गाडी. सत्तर किलोच्या गाडीची सर तिला यावयाची नाही.

योग्य गुणोत्तर कागदावर अंदाजापुरतेच ठरते. त्याची परीक्षा जमिनीवर करतात. स्वार त्या दिवसाच्या वाटेतील सर्वांत अवघड आणि सर्वांत संथ जागा निवडतो, पहिल्या गिअरमध्ये क्लचला हात न लावता तेथून जाऊन पाहतो. इंजिन गचके देऊ लागले तर मागे एक-दोन दाते वाढवावयाचे. चाक मातीत नुसतेच फिरू लागले तर तितकेच कमी करावयाचे. मे महिन्यात कोरड्या ठणठणीत मुरमावर जे प्रमाण बेताचे ठरले, तेच जुलैत त्याच ओढ्याच्या काठी जास्त होते. म्हणून जाणता स्वार 10, 11 आणि 12 दात्यांची तीन लहान चक्रे फडक्यात गुंडाळून बरोबर ठेवतो, आणि सकाळी वाट पायी चालून पाहिल्यावर त्यांतले कोणते बसवावयाचे ते ठरवितो.